कोळसा हवा होता तेव्हा बाई चालली
(नागपूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय 'ऊर्जाक्षेत्र आणि स्त्रिया' असा छापला आहे. रेल्वेच्या आणि टपाल खात्याच्या माणसांना याच्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. पण आपण नागपुरात बसलो आहोत. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय याच शहरात आहे. चंद्रपूर, वणी, उमरेडचा कोळसा आपल्याच मालगाड्या वीजकेंद्रांवर नेऊन ओततात आणि वीज आपल्याच इंजिनांच्या डोक्यावरच्या तारेतून वाहते. या साखळीत बाई कुठे उभी आहे, हे पाहणे आपले काम आहे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशेब असा की, जगातल्या एकूण कामकऱ्यांत शंभरात ३९ स्त्रिया आहेत, पण परंपरागत ऊर्जाक्षेत्रात फक्त १६. आपल्या कोल इंडियात हे प्रमाण शंभरात आठच्या आसपास आहे. का, असे विचारले की साहेब लोकांचे उत्तर ठरलेले असते : काम अवजड आहे, धोक्याचे आहे, बायकांना झेपत नाही.

झेपत नाही? मग झरिया आणि राणीगंजच्या खाणींचा इतिहास काय सांगतो ते ऐका. तिथे पहिल्यापासून नवरा-बायकोची जोडी खाणीत उतरत असे. तो कुदळीने कोळसा फोडायचा, ती टोपलीत भरून डोक्यावरून टबापर्यंत वाहायची. संथाळ, बाउरी अशा समाजांतल्या या बायकांना 'कामिन' म्हणत. १९२० च्या सुमारास तिथल्या खाणकामगारांत एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया होत्या. हिंदुस्थानची आगगाडी ज्या कोळशावर धावली, त्यातला मोठा हिस्सा या बायकांच्या डोक्यावरून आलेला आहे.

१९२९ मध्ये सरकारने नियम केला की दहा वर्षांत हळूहळू स्त्रियांना भूगर्भातल्या कामातून काढायचे, आणि १९३७ मध्ये ही बंदी पुरी झाली. हेतू संरक्षणाचा सांगितला गेला. खाणीतले हाल खरे होते, ते आम्ही नाकारत नाही. पण बाईला बाहेर काढताना तिला दुसरे काम कोणते दिले? घरात येणारी दोन माणसांची मजुरी एका माणसाची झाली, एवढेच.

पुढे महायुद्ध आले. कोळसा कमी पडू लागला, मजूर लष्करी कामांकडे वळले. तेव्हा १९४३ मध्ये हीच बंदी उठली आणि हीच 'न झेपणारी' बाई पुन्हा खाणीत उतरली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. या निर्णयावर देशात आणि विलायतेत टीका झाली. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिले. हा तात्पुरता, नाइलाजाचा उपाय आहे, असे त्यांनी मांडले. आणि त्याबरोबर एक मुद्दा ठासून सांगितला की, या कामात बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, आणि समान कामाला समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच मान्य होत आहे. बंदी उठवणे योग्य होते की नाही यावर आजही दोन मते होऊ शकतात. पण वेतनाचा प्रश्न त्यांनी त्याच बैठकीत, त्याच भाषणात जोडून घेतला, ही गोष्ट कामगार चळवळीने विसरू नये.

फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी परत लागू झाली. गरज सरो, वैद्य मरो! त्यानंतर १९५२ च्या खाण कायद्याच्या ४६ व्या कलमाने भूगर्भातले काम स्त्रियांना बंद केले आणि जमिनीवरचे कामही सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळेत ठेवले.

तरी जमिनीवर बायका टिकून राहिल्या. रेल्वेच्या साथींनी हे नीट ऐकावे : सायडिंगवर लागलेल्या वाघिणी टोपल्यांनी भरण्याचे काम मोठ्या प्रमाणावर बायकाच करीत. १९७१ ते १९७३ या काळात खाणी सरकारी मालकीच्या झाल्या, नोकऱ्या पक्क्या झाल्या, पगार वाढला. त्याच सुमारापासून यंत्रे येऊ लागली. टोपली गेली आणि टोपलीबरोबर बाई गेली. डंपर आणि शॉवेल चालवायला शिकवायची वेळ आली तेव्हा कोणाला शिकवले? पुढे कोल इंडियात स्त्रियांसाठी खास स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. बाईने नोकरी सोडायची आणि तिच्या जागी मुलगा लागायचा. कामगार मेला तर त्याच्या पंचेचाळीसच्या आतल्या विधवेला नोकरी किंवा मासिक रक्कम यांतून निवड करता येते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या विधवेला फक्त रक्कम. कागदावर हे सगळे 'ऐच्छिक' आणि 'कल्याणकारी' आहे. परिणाम मात्र एकच, की बाईच्या नावावरची पक्की नोकरी पुरुषाच्या नावावर गेली. आईने मुलासाठी नोकरी सोडली तर तिला दोष देता येत नाही. ज्या योजनेत मुलीचा विचार नाही, ती योजना आखणाऱ्याला मात्र जाब विचारता येतो.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने ४६ व्या कलमातून सूट दिली. लेखी संमती आणि सुरक्षिततेच्या अटींवर स्त्रिया भूगर्भात उतरू शकतील असे ठरले. पण तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी ही खाण अभियंता सेंट्रल कोलफील्ड्सच्या चुरी भूगर्भ खाणीत रुजू झाली. आम्हाला तिचे कौतुकच आहे. पण इंजिनिअर झालेल्या मुलीला जे दार उघडले, ते कामिनच्या नातीला बंदच राहिले.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता अमलात आल्या. व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेप्रमाणे स्त्रियांना सर्व आस्थापनांत सर्व प्रकारची कामे आणि संमतीने रात्रपाळीही करता येते. या संहितांवरचे कामगार संघटनांचे आक्षेप तुम्हाला माहीत आहेत, ते इथे उगाळत नाही. फक्त 'संमती' या शब्दाकडे लक्ष ठेवा. कंत्राटदाराकडे महिना-महिन्यावर काम करणाऱ्या बाईची संमती म्हणजे काय? नाही म्हटले तर पुढच्या महिन्यात हजेरीपटावर तिचे नाव राहील का?

विजेच्या खात्यांतही दार कागदावरच अडते. तेलंगणात २०१९ मध्ये कनिष्ठ लाइनमनच्या जागा निघाल्या तेव्हा स्त्रियांना अर्जच करता येत नव्हता. काही मुली उच्च न्यायालयात गेल्या, परवानगी मिळवली, खांबावर चढण्याची परीक्षा दिली आणि उत्तीर्ण होऊन कामावर लागल्या. आपल्याकडे साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त होईपर्यंत मालगाडीपासून वंदे भारतपर्यंत सगळे चालवून मोकळ्या झाल्या. त्यांचे फोटो सगळ्यांनी छापले. पण इंजिनात संडासाची सोय नाही म्हणून ड्युटीवर जाण्याआधी पाणी न पिणाऱ्या चालक भगिनींचे फोटो कोणी छापत नाही.

आता चुलीकडे येऊ. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. जोडणी बाईच्या नावावर, ही तरतूद उत्तम होती. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभर घरांपैकी ४३ घरीच स्वच्छ इंधनावर स्वयंपाक होत होता. सिलिंडर बाईच्या नावावर असतो, भरून आणायचे पैसे पुरुषाच्या खिशात असतात. पैसे संपले की सरपण आणायला जाते ती बाईच. त्या तासांची हजेरी कुठे लागत नाही.

टपालाच्या साथींसाठी शेवटचा मुद्दा. छतावरच्या सौरविजेची केंद्राची योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि घरोघरी नोंदणीचे काम पोस्टमनवर आले. या योजनेत घर आणि वीजजोडणी ज्याच्या नावावर, अर्ज त्याचा. ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदानही त्याच्याच खात्यात. म्हणजे जोडणी नवऱ्याच्या नावावर असली की बाई आपोआप बाहेर. घराच्या उताऱ्यावर आणि वीजबिलावर बायकोचेही नाव कसे लागते, ही माहिती पोस्टमनने दारात उभे राहून दिली तर ती सरकारी जाहिरातीपेक्षा लवकर पोचेल. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

रेल्वेच्या शाखांकडे आम्ही तीन गोष्टी मागतो. ओव्हरहेड तारा, सबस्टेशन आणि लोको शेड या विद्युत विभागांत महिला किती आहेत आणि कोणत्या कामावर आहेत, याची मोजणी करावी. आयटीआय शिकलेल्या किती मुलींना अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतले ते विचारावे. आणि जिथे महिलांसाठी कपडे बदलायची खोली व संडास नाही, त्या डेपोची नावे लिहून द्यावीत. ही यादी पुढच्या बैठकीत प्रशासनापुढे ठेवायची आहे. कोरे कागद बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणाच्या सुट्टीत भरून द्या.