आपला कान, आपलं मत

(अंबरनाथ येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळपासून या मांडवात आपण पाण्याबद्दल बोललो, रेशनकार्डाबद्दल बोललो, पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घेत नसतील तर काय करायचं ते ऐकलं. आता माझी पाळी आली आणि माझा विषय आहे सिनेमाचं संगीत. मघाशी फळ्यावर विषय लिहिला तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. हसा, माझी काही हरकत नाही. काही वर्षांपूर्वी मीही हसले असते.

मी बदलापूरची. रोज लोकलने कामाला जाते. आमच्या लेडीज डब्यात काय काय चालतं ते तुम्हांला ठाऊकच आहे. भाजी निवडली जाते, भजनं होतात, नवरात्रात रंगांच्या साड्या, संक्रांतीला तिळगूळ. एक दिवस गाडी विठ्ठलवाडीला बराच वेळ अडकली होती. एका मुलीच्या मोबाइलवर ‘शोले’ चालला होता. त्यात अमिताभ संध्याकाळी ओसरीवर माउथऑर्गन वाजवतो आणि समोर जया दिवे मालवत जाते, तो प्रसंग होता. डब्यातल्या पाच-सहाजणी एकदम गप्प झाल्या. मग एक म्हणाली, “पंचमने काय केलंय बघा. ती एक शब्द बोलत नाही, पण तिचं वैधव्य ऐकू येतं.” दुसरी म्हणाली, “माउथऑर्गन वाजवणारे भानू गुप्ता होते, त्यांचंही नाव घ्या.” मी बघतच राहिले. या बाईला मी कित्येक वर्षं ओळखत होते. तिच्या सुनेचं बाळंतपण, तिच्या नवऱ्याची शुगर, सगळं मला माहीत होतं. तिला हे माहीत आहे, हे मात्र मला माहीत नव्हतं.

त्यातून आमचा गट जमला. महिन्यातून एक रविवार, दोन तास. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशा तिन्ही गावांतल्या आम्ही बारा-पंधराजणी, ज्या महिन्यात जिचं घर मोकळं असेल तिच्याकडे. पहिल्या बैठकीत एकच प्रश्न ठेवला होता. तुझा आवडता संगीतकार कोण, आणि का?

सोपा वाटतो ना प्रश्न? निम्म्याजणींना उत्तर देता आलं नाही. गाणी सगळ्यांना पाठ होती, पण “माझं आवडतं” म्हणताना जीभ अडखळत होती. एक म्हणाली, “आमच्या ह्यांना मदनमोहन आवडतो.” आम्ही म्हटलं, तुला? ती हसली आणि पदराशी चाळा करत बसली. शेवटी म्हणाली, “मला कोणी विचारलंच नाही कधी.” घरात रेडिओ कोणता लागायचा ते आधी वडिलांनी ठरवलं, मग नवऱ्याने, आता मुलगा टीव्हीचा रिमोट धरून बसतो. तिच्या कानावर पन्नास वर्षं जे पडलं, ते दुसऱ्या कोणाच्या तरी आवडीचं होतं. आपण संपत्तीतला हक्क मागतो, सात-बारावर नाव मागतो. आवडीवरसुद्धा आपलं नाव नसतं, हे मला त्या दिवशी समजलं.

उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एक सिंधी आजी आमच्यात आहेत. लहानपणी फाळणीनंतर इथे आल्या. घरी बसून जीन्सचे धागे कापून त्यांनी मुलं वाढवली. त्या म्हणाल्या, “माझा बुलो सी. रानी.” ‘जोगन’चं (१९५०) संगीत त्यांचं, आणि १९५८ च्या ‘अबाणा’ या सिंधी सिनेमाचंही. आजी सांगत होत्या, “अबाणा म्हणजे बापाचं घर, वाडवडिलांचं घर. ते घर तर तिकडेच राहिलं. मग गाण्यातच माहेर.” एका तरुण मुलीने विचारलं, “रानी म्हणजे बाई होत्या का त्या?” आजी खूप हसल्या. बुलो सी. रानी पुरुषच. रामचंदानी हे त्यांचं आडनाव, त्याचं रानी झालेलं.

पण त्या प्रश्नावरून पुढच्या बैठकीचा विषय ठरला. मग बाई संगीतकार कोण कोण होत्या?

शोधायला लागलो आणि एकेक नाव सापडत गेलं. नर्गिसची आई जद्दनबाई. त्यांनी १९३५ च्या ‘तलाश-ए-हक’ला संगीत दिलं. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजच्या ‘जवानी की हवा’ला सरस्वतीदेवींनी दिलं, पुढच्या वर्षी ‘अछूत कन्या’ला. सरस्वतीदेवी म्हणजे मूळच्या खुर्शीद मिनोचर-होमजी, पारशी. चांगल्या घरातल्या मुली सिनेमात जातात म्हणून समाजातून मोठा विरोध झाला. तेव्हा खुर्शीदची सरस्वतीदेवी झाली आणि त्याच सिनेमात काम करणारी तिची बहीण माणेक ही चंद्रप्रभा झाली.

तीस वर्षांनी आपल्या मराठीत काय झालं? भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ला (१९६५) संगीत होतं आनंदघन यांचं. राज्य पुरस्कारांत संगीताचं बक्षीस आनंदघनला जाहीर झालं, नाव पुकारलं, आणि कोणी उठेना. मग निवेदकाने सांगितलं की आनंदघन म्हणजे इथेच बसलेल्या लता मंगेशकर, असं सांगतात. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘तांबडी माती’ यांचंही संगीत याच नावाने आहे. यावर आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं, लताबाईंना कोणाची भीती होती? हौस म्हणून घेतलं असेल टोपणनाव. दुसरी म्हणाली, “हौस असेल, पण बाईने गावं हे लोकांना पटलेलं होतं. बाईने चाली बांधाव्यात, साठ वादकांना ‘पुन्हा घ्या’ म्हणून सांगावं, हे पटायला वेळ लागतो. नाव पुरुषासारखं असलं की प्रश्न येत नाहीत.” वाद मिटला नाही. मिटायला हवा असंही नाही.

उषा खन्नांनी स्वतःच्या नावाने काम केलं. १९५९ चा ‘दिल देके देखो’ त्यांचा पहिला सिनेमा. त्यातल्या चाली लोकांना ओ. पी. नय्यरसारख्या वाटायच्या. पुढे कितीतरी सिनेमे केले, ‘सौतन’साठी फिल्मफेअरचं नामांकनही मिळालं, पण बक्षीस मिळालं नाही. फिल्मफेअरची संगीतकारासाठीची बक्षिसं १९५४ पासून आहेत. त्यात पहिली बाई आली २०२२ साली, ‘शेरशाह’साठी जसलीन रॉयल, तीही इतर संगीतकारांबरोबर वाटून. अडुसष्ट वर्षं! आमच्यातली जुन्या गाण्यांची भोक्ती असलेली एक जण तेव्हा उठून उभी राहिली आणि म्हणाली, “म्हणजे मी इतकी वर्षं आवडते संगीतकार म्हणून मोजले, ते सगळे पुरुषच मोजले.”

मैत्रिणींनो, गाण्यापलीकडे आणखी एक संगीत असतं, ते म्हणजे पार्श्वसंगीत. पात्रं बोलतात, चालतात, रडतात, त्यांच्या मागे जे वाजत असतं ते. सिनेमाचं चित्रण संपलं की पडद्यावर प्रसंग लावून तो बघत बघत ते वाजवून घेतात. त्याची मांडणी करणारे, स्वर लिहून देणारे अरेंजर मोठ्या संख्येने गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. ‘अमर अकबर अँथनी’तल्या त्या गाण्यात अँथनी गोन्साल्विस हे नाव आहे ते प्यारेलालनी आपल्या गुरूची आठवण म्हणून घातलेलं. असं नाव घेणारा शिष्य सगळ्यांना कुठे मिळतो? आमच्यातल्या एकीने म्हटलं, “हे आपल्या स्वयंपाकासारखंच. रोज होतं म्हणून दिसत नाही. एक दिवस बंद पडलं की घर बोंबलतं.”

पार्श्वसंगीत आपल्याला न विचारता सांगत असतं की या बाईला हसा, या बाईची कीव करा, हिची भीती बाळगा. सासू आली की एक वाद्य, नाचणारी आली की दुसरं. आपण ते मुकाट ऐकतो आणि ते आपलंच मत आहे असं समजतो. म्हणून आम्ही एक खेळ सुरू केला. एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून बघायचा, मग आवाज लावून. तुम्हीही करून बघा. तोच प्रसंग, तोच चेहरा, पण बाई चांगली की वाईट ते संगीत ठरवतं.

‘उंबरठा’वर तर आमचं चांगलंच भांडण झालं. १९८२ चा सिनेमा. जब्बार पटेल, स्मिता पाटील, हृदयनाथांचं संगीत. चळवळीतल्या कितीजणी तो सिनेमा बघून घरी आल्या आणि झोपू शकल्या नाहीत! एक जण म्हणाली, “पण गाणी फार गोड आहेत. बाई घर सोडते, तिला राग आलाय, आणि आपण सुरांत विरघळतो. दुःख इतकं सुंदर करून का दाखवायचं?” यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक अंबरनाथची बाई, जी सहसा बोलत नाही, ती हळूच म्हणाली, “मी घर सोडलं तेव्हा दोन महिने मला कोणाशी बोलता येत नव्हतं. त्या कॅसेटशी बोलत होते. गोड होती म्हणून ऐकवली. नाहीतर मी काय ऐकणार होते?” दोघींचंही खरं आहे. मला दोन्ही बाजू अजून पटतात.

‘फँड्री’ही आम्ही एकत्र बघितला. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्यावरच येतो. आजवर आम्ही त्यावर जातीच्या अंगाने खूप बोललो होतो. या वेळी नावं संपेपर्यंत बसलो. पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता. बाई! सगळ्यांनी आधी बघितलेला सिनेमा, आणि हे नाव एकीच्याही लक्षात नव्हतं. बायकांची नावं कोणी घेत नाही म्हणून आपण सभा घेतो, आणि समोर लिहिलेलं नाव वाचायच्या आधी आपणच उठून जातो.

आता शेवटचं सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले आणि २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. आमच्यातल्या काही तिथे होत्या. त्यानंतरच्या रविवारी आमची बैठक ठरलेली होती, ‘सैराट’ची. काहीजणी म्हणाल्या, रद्द करा, अशा वेळी कसली गाणी? पण सगळ्याच आल्या. घरात बसवत नव्हतं. सिनेमा लावला नाही, नुसतं बोललो.

‘सैराट’चं संगीत अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. ‘झिंगाट’वर महाराष्ट्र नाचला. आणि शेवटी काय? आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, ती चहा ठेवते. मग मूल घरी परततं, आईबापांना तसं बघतं, रडतं, आणि आपल्याला काही ऐकू येत नाही. नुसती शांतता. एक तरुण आई, जिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, ती म्हणाली, “सिनेमात वाईट घडायच्या आधी ढोल वाजतात, आपल्याला कळतं. खऱ्या आयुष्यात काही वाजत नाही. सकाळी वेणी घालून डबा देऊन पाठवतो. म्हणून मला ‘सैराट’चा शेवट खरा वाटतो. आता आवाज आपणच करायचा आहे.” त्या दिवशी बैठकीतून उठून आम्ही आपापल्या वस्तीतल्या शाळांत जायचं ठरवलं. मुलींच्या स्वच्छतागृहाशी कोण असतं, तक्रार कोणाकडे करायची, एवढेच प्रश्न घेऊन. गाणी ऐकणाऱ्या बायका म्हणून जमलो होतो. एकमेकींचं ऐकायची सवय झाली होती, ती उपयोगी पडली.

तुमच्या गटात हे करायचं असेल तर फार काही लागत नाही. एक मोबाइल, एक छोटा स्पीकर. प्रत्येकीने आपलं एक आवडतं सांगायचं आणि कारण द्यायचं, नवऱ्याचं नाही, मुलाचं नाही. दुसरीची आवड हलकी म्हणायची नाही. कोणाला ‘झिंगाट’ आवडतं, कोणाला मदनमोहन. आणि शेवटची नावं संपेपर्यंत उठायचं नाही.

सुरुवातीला जी म्हणाली होती, मला कोणी विचारलंच नाही, ती वर्षभर घरी सांगत होती, सत्संगाला जाते. सत्संगाला दोन तास मिळतात, आवडीला मिळत नाहीत. गेल्या महिन्यात नवऱ्याने विचारलं, “आज कोणता सत्संग?” ती म्हणाली, “गाणी ऐकायला चालले आहे. उषा खन्ना. जेवण झाकून ठेवलंय.” आणि चप्पल घालून निघाली.

त्या दिवशी ती बैठकीला पंधरा मिनिटं आधी आली होती.