शेजाऱ्याच्या दिव्याचा खर्च

विजेचें बिल कोणी वाङ्मय म्हणून वाचीत नाहीं. शेवटचा आंकडा पाहावा, कपाळाला आठ्या घालाव्या आणि पैसे भरावे, एवढाच आपला त्याच्याशीं संबंध. परंतु ज्याला वीज परवडत नाहीं, त्याच्या घरचा दिवा कोणी लावावयाचा, हा प्रश्न कांहीं देशांत याच कागदावर सोडविला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो येथील अशा एका अधिभाराची हकीकत आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

ओहायोचा हिवाळा शालीनें भागणारा नव्हे. घर तापविणें बंद पडलें, तर नळांतलें पाणी गोठतें आणि म्हातारीं माणसें दगावतात. १९८० नंतरच्या मंदींत तेथील कारखाने बंद पडूं लागले, बेकारी वाढली, बिलें थकलीं आणि अनेक घरांच्या विजेच्या व गॅसच्या जोडण्या तोडल्या जाऊं लागल्या. तेव्हां १९८३ सालीं, या कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगानें असा नियम केला, कीं गरीब कुटुंबानें बिलाच्या आंकड्याप्रमाणें नव्हे, तर आपल्या मिळकतीच्या प्रमाणांत पैसे द्यावे. साधारणतः शेंकडा १० ज्या साधनानें घर तापतें त्याला, आणि शेंकडा ५ दुसऱ्याला. एवढें दिलें, कीं कंपनीनें जोडणीला हात लावूं नये.

कल्पना चांगली, पण तिच्यांत एक मेख होती. उरलेली रक्कम माफ होत नसे; ती कुटुंबाच्या नांवावर साचत राही. दरमहा प्रामाणिकपणें पैसे भरणारा मनुष्यहि दरमहा अधिक कर्जबाजारी होई! हा दोष नीट निघावयास २०१० साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं हिस्सा शेंकडा ६ वर आणला गेला, आणि जो वेळेवर पैसे भरील त्याच्या जुन्या थकबाकीचा चोविसावा भाग दर महिन्याला सोडून द्यावा, असें ठरलें. दोन वर्षें नेमानें भरा, पाटी कोरी. साऱ्या योजनेंत मला हें कलम सर्वांत शहाणपणाचें वाटतें. सावकारीचा अनुभव असलेल्या आपल्या लोकांना त्याचें मर्म निराळें सांगावयास नको.

आतां ही तूट कोण भरून काढतो? १९९९ च्या कायद्यानें विजेपुरता ‘सार्वत्रिक सेवा निधि’ स्थापन झाला, आणि ग्राहकांच्या बिलांवर दर युनिटामागें कांहीं अल्प रक्कम बसली. कोणी म्हणेल, दानधर्म मी स्वखुषीनें करीन, बिलांतून कां? त्याला उत्तर असें, कीं बुडालेलें बिल पुष्कळदां इतर ग्राहकांच्याच दरांत येऊन मिळतें. शिवाय तोडण्या-जोडण्याचा खर्च वेगळाच.

माझी तक्रार निराळी आहे. महिन्याला ८,३३,००० युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढील युनिटांना कमी दर, अशी या अधिभाराची रचना ठेवण्यांत आली. इतकी वीज कोणतें घर जाळील? सवलत मिळते ती प्रचंड कारखान्याला. कारखाना परमुलुखांत गेला तर रोजगार जाईल, असें समर्थन करतां येतें. तें अगदींच पोकळहि नाहीं. पण ज्याची मिळकत मर्यादेच्या जेमतेम वर आहे, त्या कुटुंबाला मदत नाहीं आणि अधिभार मात्र पुऱ्या दरानें! इलिनॉयनें १९९७ च्या कायद्यांत उलट वाट धरली: घरगुती वीजग्राहकाला महिन्याला ४० सेंट, लहान व्यावसायिकाला ४ डॉलर, आणि १० मेगावॅट व त्यावरील मागणीच्या कारखान्याला ३०० डॉलर. पुढें या रकमा वाढल्या. हिशेब सोपा, पण बंगला आणि झोपडी यांना आकार सारखाच.

आपल्या महाराष्ट्रांतील बिलांत स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क अशा ओळी आहेत. गरिबांच्या नांवाची ओळ नाहीं. मदत मात्र आहे, आणि ती दरांतच विरघळलेली आहे. थोडी वीज जाळणाऱ्या घराचा दर कमी, दुकान-कारखान्याचा अधिक. महिन्याला सुमारें ३० युनिटें जाळणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला खास सवलत देण्याची मुभा २००६ च्या राष्ट्रीय दरधोरणानें ठेविली; मात्र तो दर सरासरी खर्चाच्या निम्म्याहून खालीं नसावा, असेंहि बजावलें. युनिटांच्या टप्प्यांना मिळकतीचा दाखला लागत नाहीं, हें सोईचें खरें; पण मीटरला माणसें मोजतां येत नाहींत. वर्षांतून चार दिवस उघडणारा धनिकाचा फ्लॅट स्वस्त टप्प्यांत बसतो, आणि एका मीटरवर तीन बिऱ्हाडें असलीं, कीं तिघांची वीज मिळून महाग टप्प्यांत जाते.

त्या तिघांपैकीं दोघांच्या नांवें बिलच येत नाहीं, म्हणून कोणतीहि सवलत त्यांच्या दारीं पोंचत नाहीं. त्यांना पहिली मदत हवी ती स्वतंत्र मीटरची. दर ठरविण्यापूर्वीं महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो. तेथें हा मुद्दा मांडावयास घरगुती ग्राहकाला मज्जाव नाहीं.