जपानची धावती भेट : सात दिवसांत काय पाहावे, काय सोडावे

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मावर बोलणारे विद्वान वक्ते आज पुष्कळ आहेत. आम्ही गिरणी कामगार. समितीने आमच्याकडे वेगळे काम दिले आहे. आपल्यातली बारा माणसे जपानला निघणार आहेत, त्यांच्यासाठी सात दिवसांचा आराखडा करायचा. आम्ही स्वतः जपान पाहिलेला नाही. परंतु नकाशे, रेल्वेची वेळापत्रके आणि तिथल्या विहारांच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा आम्ही दोन महिने वाचल्या. त्यावरून जे निघाले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी हे ध्यानात घ्या की हा पैसा कोणाचा आहे. कुणाचा फंडाचा आहे, कुणाचा बचत गटातून साठवलेला आहे. निघणाऱ्यांत निम्म्या बाया साठीच्या पुढच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. हा पैसा आयुष्यात एकदाच असा बाहेर पडणार. म्हणून यादी लांबलचक करून भागणार नाही. एका प्रवासी कंपनीचे पत्रक आमच्या हाती आले. सात दिवसांत चौदा ठिकाणे! हे बघणे नव्हे, ही हजेरी लावणे झाले.

आता हिशेब करू. पहिला दिवस उतरण्यात जातो. नारिता विमानतळ टोकियोपासून साठ-पासष्ट किलोमीटर लांब, म्हणजे आपले चर्चगेट ते विरार समजा. हॉटेलची खोली बहुधा दुपारी तीनला मिळते. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यात रात्रभर विमानात झोप नाही. शेवटचा दिवस परतीचा. म्हणजे सातातले पाचच उरले. आणि जपानचे बहुतेक विहार संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतात. तेव्हा दिवसाला दोन मोठी ठिकाणे, तिसरे नाही, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम तिकिटाचा. टोकियोला उतरायचे आणि ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून परत निघायचे. म्हणजे उलटे टोकियोला यावे लागत नाही. जवळजवळ अर्धा दिवस आणि गाडीभाडे वाचते.

आता दिवसवार सांगतो.

पहिला दिवस : संध्याकाळी फक्त आसाकुसाचा सेन्सो-जी विहार. आवार रात्रीही खुले असते. मूळचे मोठे दालन १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाले, ते लोकांनी १९५८ मध्ये पुन्हा उभे केले. बघून या, जेवा, झोपा.

दुसरा दिवस : कामाकुरा. टोकियोहून गाडीने एक तास. तिथे उघड्या आभाळाखाली तेराव्या शतकातली काशाची बुद्धमूर्ती बसली आहे, उंची अकरा मीटरच्या वर. कामाकुरा स्टेशनवरून एनोदेन नावाच्या छोट्या गाडीने हासे स्टेशन, पुढे दहा मिनिटे चाल. जवळच हासेदेरा विहार आहे, पण तिथे पायऱ्या आहेत. ज्यांना जमत नाही त्यांनी खालीच बसावे, कोणी लाज धरू नये.

तिसरा दिवस : सकाळी उएनोचे राष्ट्रीय संग्रहालय. ते सोमवारी बंद असते, म्हणून निघायची तारीख ठरवतानाच वार बघा. दुपारी क्योतोची शिनकान्सेन. ही वेगवान गाडी १९६४ साली सुरू झाली. आज टोकियो ते क्योतो सव्वादोन तासांत नेते आणि गिरणीच्या भोंग्यासारखी वेळेवर सुटते. साध्या डब्यात ई अक्षराची खिडकी मागा. टोकियो सोडल्यावर पाऊण तासाने उजव्या हाताला फुजी पर्वत दिसतो. ढग असले तर नाही दिसत. पण त्याच्यासाठी वेगळा दिवस घालवायचा, आणि तरी ढगच बघून परत यायचे, हा जुगार आपल्याला परवडणारा नाही.

चौथा दिवस : क्योतो. कियोमिझु विहार सकाळी सहाला उघडतो. तेव्हाच जा, आठनंतर गर्दी वाढत जाते. मग सान्जुसान्गेन्दो : एकशेवीस मीटर लांब लाकडी दालन आणि त्यात करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, ज्याला ते कान्नोन म्हणतात, त्याच्या एक हजार एक मूर्ती. दुपारी विश्रांती. क्योतोच्या परिसरातली सतरा ठिकाणे १९९४ साली जागतिक वारशात गेली. सतराही बघायची म्हणाल तर एकही बघून होणार नाही.

पाचवा दिवस : नारा. क्योतोहून पाऊण तास. तोदाई-जी विहारातली महाबुद्धाची मूर्ती सुमारे पंधरा मीटर उंच. इथे आपण थोडे थांबावे. इ. स. ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला. तो कोणी केला? भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्खूने. ज्या कुंचल्याने त्याने डोळे रंगवले, त्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्या जमलेल्या लोकांनी हातात धरल्या होत्या. दुपारी होर्यू-जी. नारा स्टेशनहून गाडीने बारा मिनिटे, पुढे बस. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती तिथे उभ्या आहेत.

सहावा दिवस : कोयासान. हे नाव त्या पत्रकात नव्हते. डोंगरावर आठशे मीटर उंचीवर नवव्या शतकात कूकाई या भिक्खूने वसवलेले हे विहारांचे गाव. तिथल्या विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा बसवला गेला. महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते अनावरण झाले. जपानला जाऊन आपण तिथे गेलो नाही, तर घरी परत येऊन काय सांगणार? मात्र वाट सोपी नाही. क्योतोहून ओसाका, मग नानकाई रेल्वे, मग दोरावर ओढली जाणारी डोंगरगाडी, मग बस. तीन तास धरा. म्हणून जाऊन-येऊन करू नका, रात्र विहारातच काढा. भाडे साध्या हॉटेलपेक्षा जास्त आहे, पण त्यात शाकाहारी जेवण आणि पहाटेची वंदना मिळते. जेवण संध्याकाळी लवकर वाढतात, पाचच्या आत पोचा. मोठ्या बॅगा क्योतोच्या हॉटेलातूनच सामान पोचवणाऱ्यांकडे द्या. त्या थेट विमानतळावर मिळतात. अंगावर एक पिशवी आणि स्वेटर पुरे.

सातवा दिवस : सकाळी खाली उतरून कान्साई विमानतळ. याही वाटेला तीन तास लागतात, म्हणून विमान संध्याकाळचे किंवा रात्रीचेच घ्या.

आता सोडले काय ते सांगतो. हिरोशिमा सोडले. हे सोपे नव्हते, समितीत यावर दोन बैठका झाल्या. ६ ऑगस्ट १९४५ ला तिथे जे झाले, ते माणसाने बघावे असेच आहे. पण क्योतोहून जायलाच पावणेदोन तास, पूर्ण दिवस जातो. कोयासान आणि हिरोशिमा दोन्ही घेतले तर नारा हातचे जाते. ज्यांचा जीव हिरोशिमात आहे त्यांनी कोयासान सोडावे, त्यांना आम्ही चूक म्हणणार नाही. दोन्ही मात्र मागू नका.

आणखी एक सोडले. तोमिओका इथे सरकारने १८७२ साली काढलेली रेशमाची गिरणी आहे, २०१४ पासून ती जागतिक वारशात आहे. तरण्या मुलींनी सूत काढलेली ती लांब दालने बघावीत, असे आमच्या मनात फार होते. जायला दोन तास, यायला दोन तास. बारा जणांचा दिवस एका गिरणी कामगाराच्या हौसेवर घालवता येत नाही. खोडून टाकले.

पैशाचे एकच सांगतो. ‘रेल्वे पास घ्या’ असे जो तो सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास एकोणतीस हजार सहाशे पन्नास येनवरून पन्नास हजारांवर गेला. टोकियो-क्योतो एका बाजूचे भाडे सुमारे चौदा हजार येन, आणि आपल्याला एकच बाजू करायची आहे. बाकीचा प्रवास छोटा. म्हणजे पास तोट्याचा. सुटी तिकिटे काढा. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातल्या सुट्ट्या टाळा, तेव्हा सारा जपान घराबाहेर असतो. जमले तर ८ एप्रिलला तिथे असा. त्या दिवशी जपानी लोक बुद्धजयंती करतात.

बंधू-भगिनींनो, कमी बघून आलो म्हणून कोणी हसले तर हसू द्या. बोधिसेनाने जिथे कुंचला धरला तिथे आपल्या वस्तीतली म्हातारी माणसे तासभर निवांत बसली, धापा टाकत पुढच्या गाडीकडे पळाली नाहीत, एवढे साधले तरी फंडाचा पैसा कारणी लागला. आराखड्याची प्रत समितीकडे ठेवली आहे. वाचा, भांडा, दुरुस्त करा. पण एक ठिकाण घालायचे तर आधी एक खोडा.

जयभीम! नमो बुद्धाय!