ताप उतरला, आता जागं राहा
(भडगाव येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर बंद पडण्याआधी त्याची लक्षणं ओळखायची, हे माझं रोजचं काम. त्यात एक आकडा एकदा पाहून भागत नाही, तो कुठल्या दिशेने चाललाय ते पाहावं लागतं. लहान मुलांच्या गंभीर डेंग्यूतही तसंच आहे, म्हणून आज बोलतोय.

गल्लीत कुणाच्या मुलाला डेंग्यू झाला की ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "पेशी किती?" मग पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध, रक्तदात्यांची धावाधाव. नियत चांगलीच असते. पण मूल दगावतं ते बहुतेकदा पेशी कमी झाल्याने नाही. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून पोटात आणि छातीत साचतं, रक्त घट्ट होतं, मूल शॉकमध्ये जातं.

आणि हे घडतं कधी? साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, नेमका ताप उतरायला लागतो तेव्हा. घरचे म्हणतात, "अल्हम्दुलिल्लाह, ताप गेला," आणि झोपतात. पुढचे २४ ते ४८ तासच खरे जोखमीचे असतात.

डेंग्यूच्या विषाणूवर थेट औषध नाही. मूल वाचतं ते वेळेवर दिलेल्या, मोजून दिलेल्या पाण्याने आणि सिस्टरच्या नजरेने. सिस्टर नखावर दाबून सोडते. रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर ती सावध होते. हातपाय गार आहेत का, लघवी किती झाली, हे ती पुन्हा पुन्हा पाहते. बीपी १०० वर ८० असेल तर आपल्याला ठीक वाटेल. पण दोन आकड्यांतलं अंतर २० वर आलं, हा मुलासाठी धोक्याचा इशारा आहे. उलट झिरपणं थांबल्यावर तेच पाणी रक्तात परत येतं. तेव्हा सलाईन चालूच ठेवलं तर फुफ्फुसात पाणी होऊन श्वास कोंडतो. म्हणून "अजून एक बाटली लावा" असा हट्ट धरू नका.

१९५८ साली बँकॉकमध्ये साथ आली, तेव्हा दर शंभर रुग्णांत दहाहून जास्त दगावले. पुढे डॉ. सुचित्रा निम्मानित्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी मोजून देण्याची आणि सतत लक्ष ठेवण्याची पद्धत बसवली. आज तिथे हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे.

आता आपलं काम. भडगावहून जळगाव किंवा धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचायला तासाभराहून जास्त लागतो. म्हणून इशारे तोंडपाठ हवेत: पोटात जोराचं दुखणं, सारखी उलटी, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शी, मूल सुस्त किंवा फार चिडचिडं होणं, चार ते सहा तास लघवी न होणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

घरी तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं. आयब्रुफेन, ॲस्पिरिन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ओआरएस, पेज, नारळपाणी थोडं थोडं पाजत राहा. दिवसासुद्धा मच्छरदाणी लावा, कारण हा डास दिवसा चावतो आणि आजारी मुलाकडून दुसऱ्याकडे रोग नेतो.

आणि एक वही ठेवा. किती वाजता काय प्यायलं, लघवी कधी झाली, उलटी किती वेळा. दवाखान्यात वीस जणांनी गर्दी करण्यापेक्षा दोघांनी पाळीपाळीने बसून ही वही लिहिली, तर सिस्टरचं काम हलकं होईल. अम्मी तीन रात्री जागलेली असते. चौथ्या रात्री तिला झोपू द्या आणि वही तुम्ही हातात घ्या.