नोटीस तिच्या नावाची

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. थकलेला कर आणि त्यासाठी सल्लागार कसा निवडायचा! मारहाण, पोटगी, रेशनकार्ड यासाठी आपण धावपळ करतो. कराचं काय ते पैसेवाल्यांनी बघावं, असं मलाही २०२४ पर्यंत वाटत होतं. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला वस्तीत शिरायचं कसं, बाईला बोलतं करायचं कसं, हे शिकवलं. कर खात्याचा आदेश वाचायचा कसा, हे कुणी शिकवलं नाही.

त्या वर्षी आमच्या केंद्रात एक ताई आली. चार घरी पोळ्या करते. बचत खात्यातून पैसे निघेनात म्हणून बँकेत गेली, तर कर खात्याच्या पत्रावरून खातं अडवलंय असं कळलं. "मॅडम, माझ्याकडं कसला कर?" हे तिचं पहिलं वाक्य.

हळूहळू उलगडा झाला. २०१८ मध्ये नवऱ्याने ग्रिल आणि दरवाजे बनवायचं दुकान तिच्या नावावर काढलं, कारण त्याचं स्वतःचं नाव बँकेत खराब झालं होतं. तिच्या सह्या, तिचं पॅनकार्ड, तिची जीएसटी नोंदणी. मोबाइल नंबर आणि ई-मेल मात्र त्याचे. २०२२ मध्ये तो घर सोडून गेला, दुकान तिच्याच नावावर चालवत राहिला, आणि वर्षभराने विवरणपत्रं भरणं बंद करून गायब झाला. नोटिसा संगणकावर येत राहिल्या. पोर्टलवर टाकली की पोचली, असं खातं धरतं. विवरणपत्र नाही म्हणून खात्याने महिन्यामहिन्याची अंदाजे आकारणी केली. सगळं मिळून चार लाखांच्या वर.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळाचा स्पष्ट उल्लेख आहे, तसा अर्ज आम्ही केलाही. पण कर खातं त्याच्यासाठी थांबत नाही. नोंदणी जिच्या नावाची, देणं तिचं. (विधवा बहिणींचा प्रश्न वेगळा आहे. मयत नवऱ्याच्या थकलेल्या आयकराची जबाबदारी वारसावर येते, पण त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. हे माहीत नसल्याने बायका स्वतःचं मंगळसूत्र विकायला निघतात.)

आता माझी चूक सांगते. मी तिला ओळखीतल्या एका "टॅक्सवाल्या"कडे पाठवलं. माणूस गोड बोलणारा. कागद न बघताच म्हणाला, साहेबांशी बोलतो, निम्म्यात मिटवतो, जेवढे वाचतील त्याच्यावर वीस टक्के माझे. बारा हजार आगाऊ घेतले, पावती दिली नाही. अडीच महिने "काम चालू आहे" एवढंच ऐकलं. भरलं होतं काहीच नाही.

आणि या कामात अडीच महिने म्हणजे काय? अंदाजे आकारणीचा आदेश झाल्यावर ठरावीक मुदतीत विवरणपत्र भरलं, तर तो आदेश मागे घेतला असं मानतात. २०२३ पासून ही मुदत ६० दिवस आहे, आणि जादा विलंब शुल्क भरून आणखी ६० दिवस. अपिलाला तीन महिने, आणि वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. तिच्या काही महिन्यांचे आदेश ताजे होते, काहींची मुदत आमच्या हातातून त्या अडीच महिन्यांत गेली. ज्या महिन्यात दुकानात एक पैशाचा धंदा झाला नाही, त्याच्या विवरणपत्राचं नेहमीचं विलंब शुल्क जास्तीत जास्त ५०० रुपये. त्याच महिन्याची अंदाजे मागणी हजारोंची होती. तिने मला दोष दिला नाही. मीच देते.

मग दुसऱ्या वेळी आम्ही माणूस निवडला, तो विचारून. चार्टर्ड अकाउंटंट असेल तर त्याचा सभासद क्रमांक असतो, आणि सभासद असणं पुरेसं नाही, व्यवसाय करण्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यांच्या संस्थेकडे नाव पडताळता येतं. वकिलाकडे बार कौन्सिलची सनद असते. नुसती राहिलेली विवरणपत्रं भरायची असतील तर नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर चालतो, तो स्वस्तही पडतो. अपिलाचा प्रश्न आला की सी.ए. किंवा वकील बघावा, हायकोर्टाचा आला की वकील. यांच्यापैकी कुणी फसवलं तर तक्रार करायला जागा आहे. बोर्ड लावून बसलेल्या "कन्सल्टंट"ची तक्रार कुठे करणार? वाचलेल्या रकमेवर टक्का मागणं वकिलांच्या नियमांत बसत नाही, सी.ए.लाही थोडे अपवाद सोडले तर मनाई आहे. म्हणजे तो वीस टक्केवाला पहिल्या वाक्यातच ओळखू यायला हवा होता.

आम्हाला भेटलेली सी.ए. बाई फारशी गोड नव्हती. तिने आधी आदेशाच्या तारखा मागितल्या, एका कागदावर ओळीने मांडल्या आणि म्हणाली, "एवढे वाचतील, एवढ्यांचं मी सांगू शकत नाही." फी किती, कशाची, हे लिहून दिलं. माझ्या मते हीच पारख. जो पहिल्या भेटीत "नाही" म्हणू शकतो, त्याच्याकडे बसावं.

तिने आणखी एक केलं. ताईला स्वतः ओळखपत्र घेऊन अधिकाऱ्याकडे पाठवलं आणि नोंदणीवरचा नवऱ्याचा मोबाइल बदलून घेतला. आता ओटीपी ताईच्या फोनवर येतो. भरण्याआधी ती विचारते, हा कशाचा?

पैशाचं म्हणाल, तर बाईला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने तो हक्क दिलाय. तालुका समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. कराची कामं जाणणारा वकील तिथे मिळेलच असं नाही, हे माझं निरीक्षण. तरी अर्ज करा आणि तसा वकील मागा.

मुदतीतले आदेश गेले. उरलेल्या रकमेसाठी हप्ते मागितले. कायद्यात २४ महिन्यांपर्यंत सवलत आहे, व्याज चालूच राहतं. तिला २० मिळाले. खातं मोकळं झालं. नवरा अजून सापडलेला नाही, हप्ता दर महिन्याला पोळ्यांच्या पैशांतून जातो. हा न्याय झाला असं मी म्हणत नाही.

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत तिनेच विचारलं, कुणाकुणाच्या नावावर घरच्या माणसाचा धंदा आहे? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकेक करत पाच हात वर झाले. त्यातल्या चौघींना पासवर्ड माहीत नव्हता, आणि पाचवीला आपल्या नावावर नोंदणी एक आहे की दोन, हेच ठाऊक नव्हतं. पुढच्या सोमवारी त्या पाचहीजणी कागद घेऊन केंद्रात येणार आहेत.