धुरीच्या पेटीचा राखणदार
(धरमतर येथील गटांच्या बैठकीतील भाषण)

बायांनो, पावसात ऊन नाही, म्हणून बांगड्याला विजेच्या पेटीत धुरी द्यायची. पण हीटर एकसारखा तापला की कातडी कडक होते, काट्याजवळ मांस कच्चं राहतं. तो माल विकला तर कुणाचं पोट बिघडेल, गटाचं नावही जाईल.

म्हणून घरचा कंट्रोलर. सेन्सर हीटरजवळ नको, मासळीच्या जाळीजवळ टांगा. आकडा आधी ३०, मग ५०, शेवटी ८० अंश. आकडा गाठला की रिले हीटर बंद करतो, दोन अंश उतरला की चालू.

पण पेटीचा ताप म्हणजे मासळीचा ताप नव्हे. सगळ्यात जाड बांगड्यात थर्मामीटर खुपसा. आत ६३ अंश अर्धा तास राहिलेच पाहिजेत. मग गार करून फ्रिजमध्ये.

२३० व्होल्टची जोडणी नि अर्थिंग वायरमनकडूनच. ओल्या हाताने डबा उघडायचा नाही, बरं का!