रुग्णांच्या नजरेतून एआरटी केंद्र



रुग्णालयाच्या कामाचा हिशेब सामान्यतः नोंदवहीवरून होतो. किती रुग्ण आले, किती औषध वाटले, हे तीत दिसते. रुग्णाला वागणूक कशी मिळाली, हे दिसत नाही. एचआयव्हीचा उपचार आयुष्यभराचा असल्याने ही न दिसणारी बाजूच निर्णायक ठरते.

शासकीय रुग्णालयांतून मोफत एआरटी औषधे देण्यास १ एप्रिल २००४ रोजी प्रारंभ झाला. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्या काळी सीडी-४ पेशी बऱ्याच घटल्यावरच औषध सुरू होई. २०१७ पासून निदान होताच ते देण्याचे धोरण आले. ज्यांना खासगी उपचार परवडत नाहीत, त्यांना याचे मोल ठाऊक आहे. धीर देणाऱ्या समुपदेशकाचे नाव रुग्ण आदराने घेतात.

गाऱ्हाणी आहेत ती निराळी. गोळ्यांसाठी जिल्ह्याच्या गावी जायचे, तर एसटीचे भाडे पडते आणि दिवसाची मजुरीही बुडते. रांगेत कोणी ओळखीचे भेटेल, या धास्तीने काहीजण जवळचे केंद्र सोडून दूरचे गाठतात. केसपेपरवरील ठळक खूण, अन्य विभागांत शस्त्रक्रियेस वा बाळंतपणास होणारी टाळाटाळ, हे घाव खोलवर जातात. औषधांच्या तुटवड्याविरुद्ध जुलै २०२२ मध्ये रुग्णांनी दिल्लीत नॅकोच्या कार्यालयापुढे धरणे धरले होते.

ही केवळ भावनेची बाब नाही. अपमानामुळे वा तुटवड्यामुळे गोळ्यांत खंड पडला, की विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो. उलट नियमित औषधाने विषाणूभार तपासणीत न आढळण्याइतका कमी होऊन तसाच टिकला, तर शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. भेदभाव करणे आणि संमतीविना रुग्णाची स्थिती उघड करणे त्यान्वये निषिद्ध आहे. वीस वा अधिक माणसे असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक असून, राज्याने लोकपाल नेमावयाचा आहे.

अधिकाऱ्यांनी या तरतुदी दर्शनी फलकावर लावाव्यात व औषधसाठ्यावर वेळीच लक्ष ठेवावे. शिक्षकांनी बाधित मुलाची गुप्तता जपावी. पंचायत सदस्यांनी गावातील कुजबुज थांबवावी. रुग्ण निर्भयपणे केंद्राची पायरी चढू लागला, तरच मोफत औषधाचे सार्थक होईल.